अडीच सुताचा बोल्ट

फलटणहून सकाळी साडेपाचच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ एक कापडी पिशवी होती. पिशवीत दोन कपडे आणि मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, बांधून दिलेले राजगिऱ्याचे लाडू. नवरात्राचा उपास तिचा आणि लाडू माझे, अशी आमच्या घरची वाटणी आहे. पण सगळ्यात मोलाची वस्तू शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या डबीत होती. एक गंजका बोल्ट. बोटाच्या दोन पेरांएवढा. खिसा चाचपून पाहायची सवय मला गाव सुटायच्या आतच लागली, आणि मी हृदयविकाराचा रोगी असल्यासारखा शेजारचा प्रवासी माझ्याकडे पाहू लागला.

मी निवृत्त भूगोल शिक्षक. नाशिक मी तीस वर्षं फळ्यावर काढलं आहे: द्राक्षं, कांदा, गोदावरीचा उगम. प्रत्यक्षात जायचा योग आला तो असा, एका बोल्टासाठी. तेव्हा आधी ते प्रकरण सांगून टाकतो.

आमच्या वडिलांची बेकरी होती. पाव आणि खारी गावोगाव पोचवायला त्यांनी एक जुनी बिलायती मोटार घेतली होती. पुढून गोल, मागून चौकोनी, चढावर कण्हणारी. आम्ही तिला ठमाबाई म्हणत असू. बेकरी बंद झाली आणि ठमाबाई मागच्या शेडमध्ये बसून राहिली. माझा थोरला भाऊ, दादा, वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने तिला उघडायला घेतलं. दोन वर्षं तो तिच्यामागे आहे. मधल्या काळात त्याच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आहे, पण घरात ते कोणी उच्चारत नाही. हात ऐकतोय तोवर ठमाबाई आपल्या हाताने उभी करायची, एवढंच दादाचं म्हणणं.

आणि मग मी मदत केली. घट बसायच्या आधी घर झाडून-पुसून काढायचं असतं. शेड माझ्या वाट्याला आली. तिथे तुपाच्या जुन्या डब्यात इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायचे पंचवीस बोल्ट होते, सगळे गंजलेले. मला वाटलं, दादाला नवेकोरे आणून द्यावेत. भंगारवाला नेमका दारात होता. बोल्ट त्याच्या पोत्यात ओतले आणि संध्याकाळी दुकानातून पंचवीस चकचकीत बोल्ट आणून दादापुढे ठेवून शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

दादाने एक उचलला, इंजिनाच्या भोकात लावला, फिरवला. दीड फेऱ्यात अडकला. त्याने तो काढून माझ्या हातात ठेवला, शेडचा दिवा मालवला आणि घरात गेला.

ठमाबाई इंचांच्या जमान्यातली. तिचे बोल्ट अडीच सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मेस्त्री लोकांचं माप) आणि इंचाला बावीस आटे. मी आणलेले आठ मिलिमीटरचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आटे वेगळे. जोर करून बसवायला जावं तर नवा बोल्ट इंजिनाच्या भोकातले आटेच खाऊन टाकतो. भंगारवाल्याकडे धावलो, तर माल ट्रकमधून कधीच पुढे गेला होता. पुण्यातल्या दुकानांना फोन केले, तर तिकडच्या लोकांनी मी बैलगाडीचं चाक मागितल्यासारखी उत्तरं दिली.

दादा मला काही बोलला नाही. पण आठ दिवस तो शेडकडे फिरकला नाही. दर दसऱ्याला ठमाबाईला पहिला हार तो घालतो. यंदा फुलवाल्याला त्याने हार सांगितलाच नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं की नाशिकला अजून जुने टर्नर (लेथवर लोखंड कातून सुटे भाग करणारे) लोक आहेत, तिथे काहीतरी होईल. मी जातो म्हणालो. दादाने चष्म्याची डबी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. आत नमुन्याचा म्हणून बाजूला काढलेला सव्विसावा बोल्ट होता. तो एवढाच वाचला होता.

पुण्याला गाडी बदलली. नारायणगाव, संगमनेर करत दुपारी सिन्नरला गाडी चहाला थांबली. पाय मोकळे करायला उतरलो. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई उंबऱ्यावर बसून पितळेची पाटी चिंचेने घासत होती. पाटी कसली ते मी काही पाहिलं नाही. चहा फार गोड होता. तासाभरात नाशिकला पोचलो आणि शालिमारजवळच्या एका लॉजवर पिशवी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झणझणीत मिसळ खाल्ली. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, पण अंगात असा जोर चढला की आज बोल्ट मिळणारच, अशी खात्री वाटू लागली. विचारत विचारत हार्डवेअरच्या गल्लीत पोचलो. एका दुकानात पांढऱ्या टोपीतले वयस्क शेठ बसले होते. त्यांनी बोल्ट हातात घेतला आणि आट्यांवरून नख फिरवलं.

"अडीच सूत. सर, असा बोल्ट माझ्या वडिलांनी विकला असेल. मी नाही विकला."

"मग मिळेल कुठे?"

"मिळणार नाही. करून घ्यावा लागेल. याच आट्याची डाय (बोल्टावर आटे पाडायचं पोलादी हत्यार) ज्याच्याकडे असेल, तोच करून देईल. पण कोणाच्या कपाटात काय पडलंय ते कसं कळणार? आणि तुम्ही आलात तोही दिवस बघून आलात. आज खंडेनवमी. आज कोणी मशीनला हात लावणार नाही."

मी मटकन स्टुलावर बसलो. आम्हा मास्तर लोकांची पूजा दसऱ्याला, पाटीची आणि पुस्तकांची. हत्यारांची पूजा आदल्या दिवशी असते हे मला ठाऊक होतं, पण ते कॅलेंडरवर पाहून घराबाहेर पडायचं असतं हे काही सुचलं नव्हतं. तीनशे किलोमीटर येऊन मी बंद बाजारात उभा होतो.

शेठ माझ्याशी बोलता बोलता पूजेची तयारी करत होते. गल्ल्याशेजारी पाटावर लाल कापड, त्यावर वजनकाटा, मोजपट्टी, पक्कड आणि कपाटाच्या तळातून निघालेली, वर्षभर कोणी न पाहिलेली जुनी अवजारं एकेक करून मांडली जात होती. मी ते पाहत राहिलो आणि एकदम उठलो.

"शेठ, आज सगळीकडे असंच मांडतात?"

"सगळीकडे. गाळ्या-गाळ्यात."

"म्हणजे आज सगळी कपाटं उघडी."

शेठ हसले. "सातपूरला जा," ते म्हणाले. "बारानंतर पूजा आटपायला लागतात."

रिक्षात बसलो तेव्हा मला अक्षरशः गुदगुल्या होत होत्या. एरवी कुठला कारखानदार अनोळखी माणसाला आपली हत्यारं दाखवील? पण आज सगळं नाशिक आपली हत्यारं धुऊन, पुसून, झेंडू वाहून दारात मांडून बसलं होतं, आणि दर्शनाला कोणीही आलेलं चालत होतं.

सातपूरच्या वसाहतीत गाळ्यांच्या (छोट्या कारखान्यांच्या) रांगाच्या रांगा आहेत. रोज तिथे कानठळ्या बसत असतील. आज फरशा धुतलेल्या, दाराला तोरणं, यंत्रांच्या गळ्यात हार, कामगार इस्त्रीच्या शर्टांत. मी देवळात शिरावं तसा एकेका गाळ्यात शिरलो. वाकून नमस्कार करायचा आणि नमस्कार करता करता डायवरचे आकडे वाचायचे. सहा मिलिमीटर, आठ, दहा, बारा. पुढचा गाळा. पुन्हा सहा, आठ, दहा. प्रत्येक ठिकाणी हातावर पेढा किंवा खोबऱ्याचा तुकडा पडे आणि कपाळावर कुंकू. सातव्या गाळ्यात जरा जास्तच वाकलो, तर पाठीमागच्या यंत्राचं तेल शर्टाला लागलं. अकराव्या गाळ्यापर्यंत माझं कपाळ एखाद्या नवसाच्या दगडासारखं झालं होतं.

तिथे मालकाने मला पकडलं. चाळिशीचा, गुलाबी शर्टातला माणूस.

"काका, मघापासून बघतोय. तुम्ही नमस्कार आमच्या हत्यारांना करताय, पण बघताय काहीतरी वेगळंच."

चोरी सापडल्यासारखा मी सगळं सांगून मोकळा झालो. बोल्ट दाखवला. त्याने तो उजेडात धरला आणि त्याचा चेहराच बदलला.

"मी शिकलो ते सिन्नरच्या रामभाऊ मेस्त्रींच्या हाताखाली. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी आहे. जुन्या बिलायती डाय म्हणे. आम्हाला कधी हात लावू दिला नाही. खंडेनवमीला पूजेपुरती उघडतात आणि दसऱ्याला बंद करतात." त्याने तिथल्या तिथे फोन लावला. दोन मिनिटं बोलून म्हणाला, "चारला पूजा आहे. त्याच्या आत पोचा. एकदा हळद-कुंकू वाहिलं की ते काही हलवू देणार नाहीत."

अडीच वाजले होते. नाशिकच्या द्वारका चौकात येऊन सिन्नरच्या जीपमध्ये बसलो, तर ड्रायव्हर तंबाखू मळत उभा. "अजून दोन शिटा हायेत," तो म्हणाला. दहा मिनिटांनी विचारलं, तरी अजून दोन शिटाच. शेवटी मी त्याला बोल्ट दाखवला आणि दादाची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. त्याने बोल्ट पाहिला, तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाला, "माझ्या बापाची बी तसली गाडी होती. बसा पुढं." दोन शिटा त्याने रस्त्यात भरल्या. गिअरचा दांडा दोन्ही गुडघ्यांमध्ये घेऊन मी सिन्नरला पोचलो तेव्हा चाराला दहा कमी होते.

पत्ता विचारत गेलो तर काय, कालचीच गल्ली. काल जिथे चहा घेतला तिथून हाकेच्या अंतरावर. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं, काळंभोर लेथ मशीन उभं होतं आणि त्याच्या कपाळावर ती चिंचेने घासलेली पितळी पाटी लखलखत होती. पाटी घासणाऱ्या बाई, कौसल्याकाकू, म्हणजे रामभाऊंच्याच पत्नी. मी कपाळाला हात लावला. पूर्ण नाशिक पालथं घातलं, आणि काल बोल्ट खिशात घेऊन इथेच उभा होतो.

रामभाऊ ऐंशीच्या घरातले. धोतर, बंडी आणि जाड भिंगांचा चष्मा.

"मास्तर का? या. पानी द्या गं पाव्हण्यास्नी. दावा बोल्ट."

त्यांनी आधी डोळे मिटून आट्यांवरून अंगठा फिरवला. मग दातेरी पात्यांचा गेज काढून एक पातं आट्यांत बसवलं. "बावीस. बिलायती बारीक आटा. लय वर्सांनी आला हा."

पाटावर हत्यारं मांडलेली होती. मधोमध ती लाकडी पेटी, झाकण उघडं. आत खाचांतून पोलादी चकत्या, प्रत्येकीवर इंचाचे आकडे. रामभाऊंनी एक उचलली आणि माझा बोल्ट तिच्यात बोटांनी फिरवला. एक फेरा, दोन, तीन, आणि बोल्ट कुठेही न अडता पलीकडून बाहेर आला. त्यांनी पुन्हा उलटा फिरवून काढला, तरी मी पाहतच होतो.

"किती लागतील?"

"पंचवीस."

त्यांनी कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उपसला. त्यात त्याच आट्याचे चौदा बोल्ट निघाले, कोणाच्या तरी जुन्या कामातले, तेलात ठेवलेले. राहिले अकरा.

"ते करावं लागतील. पर उंद्या नाय. दसऱ्याला मी मशीन चालू करतो ते येकाच कामापुरतं, मुहूर्ताचं. ते येका कारखान्याचं ठरल्यालं हाय. मंग चार दिवस बंद. पुढल्या आठवड्यात करून पाठवतो."

मी ठीक आहे म्हणालो. चौदा हातात आले हेच खूप होतं. सहाची पुण्याची गाडी पकडायची, पहाटे घरी पोचायचं, दसऱ्याच्या सकाळी चौदा तरी दादापुढे ठेवायचे, असा हिशेब मनात मांडला आणि मागे मोरीवर तेलाचे हात धुवायला गेलो. परत आलो तर पूजा सुरू झाली होती. काकू हळद-कुंकू वाहत पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या. पक्कड, हातोडा, डायची पेटी, आणि पेटीशेजारी रामभाऊंनी ठेवलेला माझा बोल्ट. त्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूचं एक फूल. रामभाऊंनी कापूर लावला. मी गपचूप आरती म्हटली.

"काकू," आरती झाल्यावर मी हळूच म्हणालो, "तो बोल्ट माझा होता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "आगं बया. मला वाटलं ह्यांचाच हाय."

"मला सहाची गाडी आहे. उचलू का?"

"छ्या," रामभाऊ म्हणाले. "पूजेला बसल्यालं उठवायचं नाय. उंद्या सकाळी, उत्तरपूजा झाली की."

नमुन्याचा बोल्ट सोडून जाणं शक्य नव्हतं. दादाने तेवढा एकच माझ्या हवाली केला होता. दसऱ्याची सकाळ हुकली, असं म्हणून मी दारातल्या खाटेवर बसलो. रामभाऊ मात्र पाटाकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, "मास्तर, आमच्याकडं येक रीत हाय. पाटावर जे काम बसलं त्येच मुहूर्ताचं. माझ्या बापानं बी तसंच केलं. आता तुमचाच बोल्ट बसला. कारखानावाल्याला मी सांगतो."

"म्हणजे?"

"म्हंजी उंद्या सकाळी तुमचे अकरा. न्हेऊनच जावा."

मी काकूंच्या पायाच पडलो. त्या बिचाऱ्या दोन पावलं मागे सरकल्या.

दादाला फोन करणं भाग होतं. गल्लीच्या टोकाला जाऊन केला. नऊ दिवसांत आम्ही एकमेकांशी चार वाक्यं बोललो नव्हतो.

"दादा, मी उद्या संध्याकाळी येतो. बोल्ट पूजेला बसलाय."

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. सातपूरचे गाळे, माझं कपाळ, पेटी, काकू.

"डाय तू डोळ्यांनी बघितलीस?" दादाने विचारलं.

"बघितली."

"बोल्ट हाताने गेला तिच्यातून?"

"आरपार. कुठे अडला नाही."

मग म्हणाला, "जेवलास का, वश्या?"

मी हो म्हणालो. खरं तर जेवलो नव्हतो. फोन खिशात ठेवून तिथेच एका ओट्यावर जरा बसलो.

काकूंनी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मिरचीचा ठेचा आणि देवीच्या फुलोऱ्याच्या कडाकण्या (नवरात्रात करतात त्या कडक पुऱ्या) वाढल्या. रामभाऊ जेवताना फक्त एकदा बोलले. भावाचा हात कोणता, असं त्यांनी विचारलं. उजवा, मी सांगितलं.

सकाळी उत्तरपूजा झाली, पाटावरचा बोल्ट रामभाऊंनी स्वतः उचलून माझ्या हातावर ठेवला. मग मशीन सुरू झालं. पट्टा फिरायला लागला, पोलादाच्या सळईवरून पहिला किस कुरळा होत खाली पडला, तो काकूंनी उचलून देवापाशी ठेवला. एकेक बोल्ट तयार होई तसा रामभाऊ तो नटात बोटांनी फिरवून पाहत आणि मला देत. प्रत्येकाचं टोक ते कानशीने जरा जास्त निमुळतं करत होते. मी कारण विचारलं.

"भोकात लौकर शिरंल. तुमच्या भावाला शोधाया नगं."

अकरा बोल्ट झाले, मशीन बंद झालं. काकूंनी पिशवीत आपट्याची पानं घातली. साडेदहाच्या गाडीत मी बसलो, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात न जाता मागच्या बाजूला गेलो, तर शेडमध्ये दिवा होता. ठमाबाईच्या गळ्यात झेंडूचा हार. दादा स्टुलावर बसला होता. मी वाकून नमस्कार केला आणि आपट्याची पानं पुढे केली.

"ते नंतर," तो म्हणाला. "बोल्ट दाखव."

त्याने पहिला बोल्ट घेतला. हात थरथरत होता. टोक भोकाच्या कडेवर दोनदा वाजलं. माझे हात आपोआप पुढे जायला निघाले, ते मी मोठ्या मुश्किलीने खिशात कोंबले. तिसऱ्यांदा ते निमुळतं टोक आत शिरलं, आट्याने आटा पकडला आणि दादाने बोटांनीच तो शेवटपर्यंत फिरवत नेला. मग दुसरा घेतला. जेवायची हाक दोनदा आली, ती आम्ही दोघांनीही ऐकली नाही.

आळीतले लोक विचारतात, नाशिकला काय काय पाहिलं? रामकुंड? त्र्यंबकेश्वर? मी नाही म्हणतो आणि त्यांना माझी कीव येते. पण इतक्या लोकांनी स्वतःची कपाटं उघडून मला आत वाकून पाहू दिलं, असा प्रवास मला पुन्हा घडणार नाही.

पंचवीस बसले. राहिला तो पूजेचा. दादाने तो माझ्यापुढे धरला. "हा तू लाव. आधी हाताने, मग पाना."

आट्यांमध्ये कुंकू भरलं होतं. मी फडकं शोधायला लागलो.

"पुसू नको," दादा म्हणाला. बोल्ट बसला तसा त्याने उरलेले नट आणि वायसर तुपाच्या जुन्या डब्यात टाकले, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "हा आता तुझ्याकडे ठेव."

तो डबा माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटात आहे, नकाशांच्या शेजारी.